डिट्टो आणि मम

दिवाळीच्या दिवशी फोनवर होणारं संभाषण ठरलेलं असतं. "हॅपी दिवाळी!" "सेम टू यू!" झालं, शुभेच्छा पोहोचल्या, पुढचा फोन. 'तुमचं तेच माझं' हे सांगण्यासाठी इंग्रजीने आपल्या हाती किती शब्द दिले आहेत, हे मोजायला बसलं तर यादी बरीच लांबते. सेम हिअर, मी टू, लाइकवाइज, अ‍ॅग्रीड, डिट्टो. एका रंगाचे कपडे घातलेल्या मैत्रिणी एकमेकींना चिमटा काढून 'सेम पिंच' म्हणतात. आम्हा संगणकवाल्यांच्या ऑफिसात तर एवढेही कष्ट कोणी घेत नाही. लांबलचक ई-मेलच्या खाली नुसतं 'प्लस वन' लिहिलं की सहमती नोंदवली गेली! यातले काही शब्द आता मराठीतही इतके मुरले आहेत की बाळाचं नाक 'डिट्टो आजोबांसारखं' आहे असं आपल्या आज्यासुद्धा म्हणतात.

या सगळ्यांत मला 'डिट्टो' हा शब्द फार बोलका वाटतो. इटलीतल्या टस्कनी भागाच्या बोलीतून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ 'म्हटलेलं', 'आधी सांगितलेलं'. 'डिक्टेट' आणि 'डिक्शनरी' हे त्याच लॅटिन घराण्यातले चुलतभाऊ. तारखा लिहिताना महिन्याचं नाव पुन्हापुन्हा लिहायला नको म्हणून हा शब्द वापरात आला, मग व्यापाऱ्यांच्या वह्यांत शिरला, आणि पुढे तर शब्दही लिहायचा कंटाळा येऊन त्याच्या जागी दोन बारीक रेघा आल्या. आपल्याकडेही ही सोय होतीच. जुन्या मराठी तक्त्यांमध्ये 'वरीलप्रमाणेच' हे दाखवायला 'कित्ता' असं लिहीत.

कागदावर ही सोय निरुपद्रवी आहे. पण माणसं कागदावरून उठून जेव्हा आयुष्यात 'डिट्टो' म्हणू लागतात, तेव्हा ते तितकंच निरुपद्रवी राहतं का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

मराठी भाषेला हा प्रश्न पूर्वीच पडलेला दिसतो. कारण विचार न करता होकार देणाऱ्यांची जेवढी थट्टा मराठीने केली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची केली असेल. 'होयबा' आपलाच. 'हो ला हो लावणं' आपलंच. दारात गुबुगुबु वाजत यायचं, मालक विचारायचा, "यंदा पाऊस पडेल का?" आणि सजवलेला नंदीबैल मान डोलवायचा. पुढच्या दारी प्रश्न वेगळा, मान तीच. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'मम म्हणणं'. पूजेला बसलेल्या यजमानाला गुरुजी सांगतात, "मम म्हणा," आणि आपण म्हणतो, "मम". संकल्पात काय म्हटलं, किती गोत्रं आली, कोणत्या नदीच्या तीरावर आपल्याला बसवलं, याचा पत्ता नसतो. म्हणून न कळता दिलेल्या संमतीला मराठीत 'मम म्हणणं' हा वाक्प्रचार पडला.

गंमत अशी की 'मम' या शब्दाचा अर्थ मात्र नेमका उलटा आहे. 'मम' म्हणजे 'माझं'. गुरुजी जे म्हणाले ते आता माझं झालं, त्याची जबाबदारी माझी, असं सांगणारा तो शब्द. डिट्टोचा अर्थ 'कोणीतरी म्हटलेलं' आणि ममचा अर्थ 'माझं'. वरवर पाहता दोन्ही शब्द एकच काम करतात, पण त्यांच्यामधल्या अंतरात नीतिशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मी जेव्हा 'मलाही तसंच वाटतं' म्हणतो, तेव्हा ते डिट्टो असतं की मम?

माझ्या व्यवसायातलं एक उदाहरण देतो. जुन्या फायलींमधली माहिती नव्या सिस्टीममध्ये नेण्याचं काम आम्हा लोकांना नेहमी करावं लागतं. एखाद्या कारकुनाने एक्सेलच्या तक्त्यात गावाच्या रकान्यात एकदाच 'पुणे' लिहिलेलं असतं आणि खाली दहा ओळी दोन-दोन रेघा मारलेल्या असतात. वाचणाऱ्याला सगळं स्वच्छ कळतं. पण तोच तक्ता आडनावाप्रमाणे लावायला सांगा. ओळी वरखाली होतात आणि एका क्षणात पुण्याचा माणूस नागपूरकर होतो, नागपूरचा कोल्हापूरकर! दोन रेघांना स्वतःचा अर्थच नसतो. वर जे असेल ते त्यांचं. म्हणून आमच्या धंद्यात शिकवलेला पहिला धडा असा, की प्रत्येक नोंद स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. वरची ओळ पुसली तरी खालच्या ओळीला अर्थ उरला पाहिजे.

मला वाटतं, मतांची परीक्षाही अशीच घेता येते. माझ्या आधी बोललेला माणूस बोललाच नसता, तर मी हेच म्हटलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर माझा होकार ही स्वतंत्र नोंद आहे. नसेल, तर त्या नुसत्या दोन रेघा आहेत.

आता कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक 'सेम टू यू'ची चौकशी करायची की काय? मुळीच नाही. सगळी पुनरुक्ती आळसातून येत नाही. कीर्तनात बुवांनी एक चरण म्हटला की मागचे टाळकरी तोच उचलून धरतात, त्याला आपण 'री ओढणं' म्हणतो. तिथे प्रत्येकाने आपलं स्वतंत्र मत मांडायचं ठरवलं तर कीर्तनाचा बोजवारा उडेल. आरतीत, वारीत, लग्नाच्या मंगलाष्टकांत पुन्हापुन्हा तेच म्हणण्यातच आनंद आहे. तिथे आपण मत देत नाही, सोबत देत असतो. प्रश्न उभा राहतो तो आपल्या होकाराचं ओझं कुणाच्या तरी खांद्यावर पडतं तेव्हा.

ओझं हलकं असलं तर विनोद होतो. त्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपल्या टेक्ससमधलीच आहे. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक जेरी हार्वे यांनी १९७४ साली ती लिहिली. जुलैची दुपार, कोलमन नावाचं छोटं गाव, पारा १०४ अंश फॅरनहाइटवर. घरची चार माणसं पंख्याखाली बसून डॉमिनोज खेळत आहेत, थंड सरबत आहे, छान चाललं आहे. सासरे म्हणतात, ५३ मैलांवरच्या अ‍ॅबिलीनला जाऊन जेवून येऊ. मुलगी म्हणते, चांगली कल्पना आहे. जावई म्हणतो, माझी हरकत नाही. सासूबाईही तयार होतात. एसी नसलेल्या गाडीतून, धूळ खात, मंडळी जातात, बेचव जेवतात आणि घामाघूम होऊन परततात. मग हळूहळू उघड होतं की जायची इच्छा कोणालाच नव्हती. सासऱ्यांनाही नव्हती! बाकीचे कंटाळले असतील असं वाटून त्यांनी आपलं सुचवलं होतं. हार्वे यांचं म्हणणं असं, की माणसांच्या गटांना मतभेद हाताळता येत नाहीत असं आपण समजतो, पण खरी अडचण अनेकदा सहमती हाताळण्याची असते. माझ्या भाषेत सांगायचं तर वरची ओळ कोरी होती आणि खाली तिघांनी डिट्टो लिहिलं होतं.

आपल्या कुठल्याही मंडळाच्या सर्वसाधारण सभेत 'ठराव सर्वानुमते मंजूर' म्हणताना कितीजण मनातल्या मनात अ‍ॅबिलीनला निघालेले असतात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ओझं जड असलं की मात्र विनोद संपतो. शुगर लँडहून गाडीने तासाभराच्या अंतरावर जॉन्सन स्पेस सेंटर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिथलं मिशन कंट्रोल दाखवलं असेल. मोहिमेचा कठीण टप्पा आला की फ्लाइट डायरेक्टर एकेकाचं पद पुकारून विचारतो आणि प्रत्येकजण उत्तर देतो, "गो" किंवा "नो गो". ऐकणाऱ्याला वाटावं, सगळे एकच शब्द तर म्हणत आहेत. पण प्रत्येकाच्या समोरचा पडदा वेगळा असतो. एकजण वीजपुरवठा पाहतो, एकजण दिशा, एकजण अंतराळवीरांची प्रकृती. शेजारच्याने 'गो' म्हटलं म्हणून आपण 'गो' म्हणायचं नसतं. १९६९ साली अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना संगणकाने धोक्याचा इशारा दिला, तेव्हा 'गो' म्हणण्याची जबाबदारी स्टीव्ह बेल्स या अवघ्या २६ वर्षांच्या अभियंत्यावर आली होती. आपल्या सहकाऱ्यांनी दिलेली माहिती पारखून त्याने काही सेकंदांत ती उचलली. तोंडात शब्द तोच, पण तो डिट्टो नव्हता. तो मम होता.

आणि त्याच संस्थेच्या इतिहासात १ फेब्रुवारी २००३ ही तारीखही आहे. कोलंबिया यान आपल्या याच टेक्ससच्या आकाशात फुटलं आणि कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. काही अभियंत्यांच्या मनात शंका होती. यानाची छायाचित्रं मिळावीत अशी मागणीही त्यांनी केली, पण ती पुरी झाली नाही. चौकशी मंडळाच्या अहवालात एक गोष्ट नोंदवली आहे, ती वाचून मला अस्वस्थ व्हायला होतं. तुम्ही आणखी ठामपणे का बोलला नाहीत, असं विचारल्यावर या अभियंत्यांनी सांगितलं की वेगळं मत मांडलं तर सहकाऱ्यांत आणि वरिष्ठांत आपलं हसं होईल असं वाटलं. म्हणजे बैठकीतली शांतता होकार म्हणून मोजली गेली. न बोलणं हेसुद्धा डिट्टो लिहिण्यासारखंच असतं.

आपल्या परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, साधनपादात, हिंसेसारख्या दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली हिंसा, दुसऱ्याकडून करवलेली हिंसा आणि जिला आपण अनुमोदन दिलं ती हिंसा. जैन परंपरेतही हीच त्रयी आहे. आपण सभेत 'सूचक' आणि 'अनुमोदक' ही नावं इतक्या सहजपणे लिहितो, पण पतंजलींच्या हिशेबात अनुमोदक हा काही बघ्या नसतो. त्याच्या खात्यातही नोंद होते.

हे समजून घेण्यासाठी आपल्याला आपलं गाव सोडून लांब जायला नको. शुगर लँड हे नाव ज्या साखरेवरून पडलं, ती साखर आयती आली नाही. अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला वाट मोकळी राहिली. टेक्सस सरकार कैदी भाड्याने देऊ लागलं. त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ब्राझोस नदीकाठच्या या दलदलीत त्यांच्याकडून उसाची कामं करून घेतली गेली आणि कितीतरी जण इथेच मेले. हे चोरून झालं नव्हतं. त्याला कायदा होता, करार होते, सह्या होत्या. एकाने सही केली आणि बाकीच्यांनी 'अशीच रीत आहे' म्हटलं. दर वर्षी वरच्या ओळीखाली दोन रेघा.

रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ, जे पूर्वी तुरुंगात पहारेकरी होते, अनेक वर्षं सांगत होते की या भागात त्या कैद्यांच्या कबरी असणार. त्यांचं म्हणणं फारसं कोणी मनावर घेतलं नाही. फोर्ट बेंड शाळा विभागाच्या नव्या इमारतीचं बांधकाम चालू असताना २०१८ साली तिथे माणसांची हाडं सापडली. मोजणी झाली तेव्हा ९५ जणांचे अवशेष निघाले. आज आपण त्यांना 'शुगर लँड ९५' म्हणून ओळखतो. २०१९ मध्ये त्यांचं तिथेच पुन्हा दफन झालं. मूर २०२० साली वारले. इतकी वर्षं 'नाही, इथे काहीतरी आहे' असं म्हणत राहणं किती एकटेपणाचं असेल! आपली मुलं ज्या गावात वाढतात त्या गावाचा इतिहास त्यांना सांगताना साखरेच्या जोडीने हेही सांगायला हवं असं मला वाटतं.

मग काय, नेहमी विरोधच करायचा? तसंही नाही. त्याच 'मी टू' या दोन साध्या शब्दांकडे पाहा. तराना बर्क यांनी २००६ साली, अत्याचार सोसलेल्या मुलींना आपण एकट्या नाही हे कळावं म्हणून, ते वापरायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते जगभर पसरले आणि २०१८ मध्ये भारतातही पोहोचले. लाखो बायकांनी तेच दोन शब्द म्हटले. तरीही ते डिट्टो नव्हतं, कारण प्रत्येकीच्या त्या दोन शब्दांमागे तिची स्वतःची हकीगत होती. वरची ओळ पुसली असती तरी खालची उभी राहिली असती.

इथेच मला या प्रश्नाचा गाभा सापडतो असं वाटतं. दहाजणांनी स्वतः पाहून 'हो' म्हटलं तर ते दहा साक्षीदार होतात. एकाने पाहिलं आणि नऊजणांनी डिट्टो म्हटलं तर साक्षीदार एकच असतो, पण मोजणारा दहा मोजतो. डिट्टोतला दोष हा असा आहे. त्यात खोटं असं कोणीच बोललेलं नसतं, पण हिशेब खोटा होतो, आणि त्या हिशेबावर विसंबून कोणीतरी पूल ओलांडतो, ऑपरेशन करून घेतो, यानात बसतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळंच स्वतः तपासायला वेळ कोणाला आहे? डॉक्टरांच्या शब्दावर, वैमानिकाच्या कौशल्यावर, जोडीदाराच्या निर्णयावर आपण विसंबतोच, आणि विसंबायलाच हवं. पण त्यासाठी भाषेत एक प्रामाणिक वाक्य आहे. "मला यातलं कळत नाही, पण माझा तुमच्यावर विश्वास आहे." या वाक्यात कमीपणा काहीच नाही. उलट हिशेब चोख राहतो, साक्षीदार एक आणि विश्वास ठेवणारे नऊ. 'मलाही अगदी तसंच वाटतं' या वाक्यापेक्षा ते मला कितीतरी सभ्य वाटतं.

गीतेचा शेवट आठवा. अठरा अध्याय समजावून सांगितल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला 'मी सांगतो म्हणून कर' असं म्हणत नाहीत. याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर, असं सांगतात. त्यानंतर अर्जुन हो म्हणतो. दुसऱ्या अध्यायातच त्याने 'येस सर' म्हटलं असतं तर युद्ध कदाचित तसंच झालं असतं, पण गीता झाली नसती. त्याच्या शंकांनी त्याच्या होकाराला वजन आलं.

आता हे सगळं आपल्या घरात आणून पाहू. इकडे येऊन वीस-पंचवीस वर्षं झालेल्या आपल्या पिढीची एक सुप्त इच्छा असते, की मुलांनी आपलं सगळं डिट्टो उचलावं. तेच सण, तीच गाणी, तीच शिक्षणाची वाट, जमल्यास तोच वरणभात. एके काळी अमेरिकन शाळांत जांभळ्या अक्षरांच्या प्रती काढायचं एक यंत्र असे, त्यालाही लोक 'डिट्टो'च म्हणत. मूळ कागदावरची शाई प्रत्येक प्रतीबरोबर कमी होत जाई आणि शेवटच्या प्रती वाचताही येत नसत. नुसती नक्कल करत राहिलं की संस्कृतीचंही तसंच होतं.

'कित्ता' या शब्दाचा दुसरा अर्थ मला इथे मदतीला येतो. तक्त्यातला कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे. पण बालवर्गातला कित्ता म्हणजे सुंदर अक्षरांचा नमुना, जो आपण गिरवतो. गिरवणं हीसुद्धा पुनरुक्तीच आहे आणि ती आवश्यक आहे. पण कित्ता गिरवायचा तो पुढे स्वतःच्या वळणाचं अक्षर यावं म्हणून. गिरवून झाल्यावरही ज्याचं अक्षर कित्त्यासारखंच राहिलं, त्याची सही कोणीही करू शकेल.

म्हणून मराठी शाळेतलं एखादं पोर जेव्हा मोडक्यातोडक्या मराठीत विचारतं, "पण हे असंच का करायचं?" तेव्हा मला ते उद्धट वाटत नाही. ते आपल्या पडद्याकडे पाहून 'गो' म्हणायच्या तयारीत आहे असं वाटतं. त्याला खरं उत्तर द्यावं लागेल, आणि कधीकधी आपल्यालाच ते शोधावं लागेल. शोधल्यानंतर ते 'नाही' म्हणण्याची शक्यता आहे, हे धरूनच शोधावं लागेल. एवढं करून ते गणपतीसमोर बसलं आणि गुरुजींच्या मागोमाग "मम" म्हणालं, तर त्या एका शब्दाची किंमत आपल्या शंभर होकारांहून जास्त असेल.

असो. हा लेख वाचून झाल्यावर कोणी मला भेटून नुसतं "डिट्टो!" म्हणू नये, एवढीच विनंती. पटलं नसेल तर तसं सांगा. चहा माझ्याकडून, आणि वाद तुमच्याकडून!